नेम धरण्याआधी पिस्तुलाची परीक्षा!

दोस्तांनो, नेमबाजीची स्पर्धा म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? ताठ उभा राहिलेला नेमबाज, सरळ पुढे केलेला हात, समोर काळा गोल आणि मग ‘ठो!’ असा आवाज. बरोबर? पण गंमत अशी की स्पर्धेतली पहिली परीक्षा नेमबाजाची नसतेच. ती असते त्याच्या पिस्तुलाची! आणि ती होते रेंजच्या बाजूला मांडलेल्या एका साध्या टेबलावर.

त्या टेबलावर तीन वस्तू असतात. एक वजनकाटा, एक चौकोनी पेटी आणि एक अर्ध्या किलोचं वजन. किराणामालाच्या दुकानात असतं तसलंच, फक्त त्याला वर एक आकडा जोडलेला. परीक्षक पिस्तूल हातात घेतो, नळी आभाळाकडे करतो, तो आकडा पिस्तुलाच्या चापात अडकवतो आणि पिस्तूल हळूहळू वर उचलतो. वजन टेबलावरून सुटून अधांतरी लोंबकळलं आणि तरीही चाप सुटला नाही, तर पिस्तूल पास. ‘टक्’ असा आवाज झाला आणि वजन खाली राहिलं, तर पुन्हा प्रयत्न. अशा तीन संधी मिळतात. तिन्ही वेळा ‘टक्’ झालं, तर चाप दुरुस्त करून पुन्हा पास झाल्याशिवाय ते पिस्तूल स्पर्धेत उतरत नाही. मग ते कितीही महागडं असो, आणि ते धरणारा हात कितीही मोठ्या खेळाडूचा असो!

तुम्ही म्हणाल, नेमबाजीत नेम महत्त्वाचा. चाप हलका की जड याच्याशी परीक्षकांना काय करायचंय? हाच प्रश्न आज आपण सोडवणार आहोत.

जुनंच दुखणं

लालबाग-परळ-प्रभादेवीच्या मुलांना हे वेगळं सांगायला नको. किशोर गटाच्या कबड्डी स्पर्धेला गेलं की आधी वजनकाट्यावर उभं राहावं लागतं. काटा थोडासा जरी पुढे सरकला, तरी गडी बाहेर! कितीही रडारड केली तरी उपयोग नाही. कारण उघड आहे. पहाडासारखा गडी समोर उभा केला, तर बारीक चणीच्या पोराची चपळाई दिसणार कशी?

क्रिकेटमध्येही असंच झालं होतं. १७७१ साली इंग्लंडमध्ये व्हाइट नावाचा एक फलंदाज चक्क तीन स्टंपांइतकी (तेव्हा खरं तर दोनच स्टंप असत!) रुंद बॅट घेऊन मैदानात उतरला. आता अशा खेळाडूला त्रिफळाचित कोण करणार? समोरच्या संघानं कडाडून विरोध केला. तेव्हापासून बॅटची रुंदी सव्वाचार इंच ठरली ती ठरलीच. आज शिवाजी पार्कवर तुम्ही जी बॅट घेऊन उतरता, तिलाही हाच नियम लागू आहे.

पिस्तुलाची नेमबाजी यातून कशी सुटेल? १८९६ साली अथेन्सला पहिलं आधुनिक ऑलिंपिक भरलं. जॉन आणि समनर पेन हे दोन अमेरिकन भाऊ तिथे आपापली रिव्हॉल्व्हरं घेऊन पोहोचले. लष्करी पिस्तुलाच्या स्पर्धेत दोघांनी पहिला आणि दुसरा नंबर पटकावला. पण दुसऱ्या एका स्पर्धेत त्यांना नेम धरूच दिला नाही. का? तर त्यांच्या पिस्तुलाच्या नळीचा व्यास त्या स्पर्धेच्या मापात बसत नव्हता! म्हणजे बघा, पिस्तुलाची परीक्षा ऑलिंपिकच्या पहिल्या वर्षापासूनच सुरू झाली.

वरळीची रेंज, दादरचं कॉलेज

आता अथेन्सहून थेट आपल्या मुंबईत या. वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे. भारतीय नेमबाजीतली कितीतरी मोठी नावं याच रेंजवर घडली. दादरच्या कीर्ती कॉलेजात (हो, तेच, ज्याच्या बाहेरचा वडापाव प्रसिद्ध आहे!) एन.सी.सी. करता करता एक मुलगी नेमबाजीकडे वळली आणि पुढे २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत पोहोचली. ऑलिंपिक नेमबाजीच्या अंतिम फेरीत जाणारी ती पहिली भारतीय महिला. तिचं नाव अंजली वेदपाठक, म्हणजेच अंजली भागवत. अंजली, सुमा शिरूर, दीपाली देशपांडे या तिघीही वरळीच्या रेंजवर संजय चक्रवर्ती सरांच्या हाताखाली तयार झाल्या. शिवाजी पार्कच्या स्वातंत्र्यवीर सावरकर राष्ट्रीय स्मारकातही नेमबाजी शिकवली जाते.

या तिघी रायफलवाल्या. पण मुंबईनं पिस्तूलवालेही दिले. १९९० साली ऑकलंडला राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या. भारतानं तिथे १३ सुवर्णपदकं मिळवली. त्यातली १२ वेटलिफ्टिंगमध्ये! आणि उरलेलं एक? ते मुंबईच्या अशोक पंडित यांनी सेंटर फायर पिस्तुलात जिंकलं. १९९४ साली कॅनडातल्या व्हिक्टोरियाला त्यांनी जसपाल राणाबरोबर जोडीनं याच प्रकारात पुन्हा सुवर्णपदक पटकावलं. हा जसपाल राणा नीट लक्षात ठेवा, तो पुढे पुन्हा येणार आहे.

या सगळ्यांना रेंजवर उभं राहण्याआधी त्या टेबलाजवळ उभं राहावं लागलं. तिथून सुटका कोणालाच नाही.

परीक्षेतले पाच प्रश्न

सर्वांत जास्त खेळला जाणारा प्रकार म्हणजे १० मीटर एअर पिस्तूल. यात बारूद नसते. दाबलेल्या हवेच्या जोरावर शिशाचा एक छोटासा छर्रा सुटतो. अंतर १० मीटर, म्हणजे चाळीतल्या तीन खोल्या एकापाठोपाठ एक ठेवल्या तर जेवढं होईल तेवढं. आणि मधला दहा गुणांचा गोल केवढा? फक्त साडेअकरा मिलिमीटर! तुमच्या शाळेच्या शर्टाच्या बटणाएवढा. सव्वा तासात असे ६० नेम मारायचे असतात.

आता या पिस्तुलाला विचारले जाणारे प्रश्न ऐका.

पहिला प्रश्न : नळी केवढी? उत्तर एकच, ४.५ मिलिमीटर. छर्रा मोठा असला तर कागदावर भोकही मोठं पडतं आणि वरच्या गुणांच्या रेषेला सहज शिवतं. नेमबाजीत रेषेला शिवलं की वरचा गुण मिळतो. म्हणून सगळ्यांचे छर्रे सारखेच.

दुसरा प्रश्न : वजन किती? दीड किलोपेक्षा जास्त नको. जड पिस्तूल हातात कमी थरथरतं. ज्याच्या दंडात ताकद जास्त, तो आणखी जड पिस्तूल आणील, दुसरा त्याहून जड आणील. मग ती नेमबाजी न राहता वेटलिफ्टिंगच होईल की!

तिसरा प्रश्न : पेटीत बसतं का? ही पेटी आतून ४२ सेंटिमीटर लांब, २० सेंटिमीटर उंच आणि फक्त ५ सेंटिमीटर रुंद असते. पिस्तूल त्यात अलगद मावलं पाहिजे. का, ते जरा समजून घ्या. पिस्तुलाच्या पुढच्या टोकाला एक उभा दात असतो, त्याला म्हणतात माशी. मागच्या बाजूला असते खाच. माशी बरोबर खाचेच्या मध्यावर दिसली की नेम सरळ. आता समजा माशी आणि खाच यांच्यात ३३ सेंटिमीटर अंतर आहे आणि तुमची माशी फक्त एक मिलिमीटर बाजूला सरकली. मग १० मीटरवर छर्रा किती सरकेल? गणित करा बघू! १० मीटर म्हणजे १००० सेंटिमीटर. १००० ला ३३ नं भागा. साधारण ३० पट! म्हणजे इथली एक मिलिमीटरची चूक तिथे तीन सेंटिमीटरची होते आणि दहाच्या जागी सातच गुण हाती पडतात. पण माशी आणि खाच यांच्यातलं अंतर वाढवलं की तीच चूक छोटी होत जाते. म्हणजे लांब पिस्तूलवाल्याला फुकटचा फायदा! तो फायदा ही पेटी काढून घेते.

चौथा प्रश्न : चाप किती जड? हे ते अर्धा किलोचं वजन. चाप जेवढा हलका, तेवढा बोटाचा धक्का कमी आणि पिस्तूल जागच्या जागी स्थिर. शिवाय फार हलका चाप धोक्याचाही असतो, नुसतं बोट लागलं तरी सुटतो. म्हणून ५०० ग्रॅमपेक्षा हलका चाप चालत नाही. जास्त जड असला तर हरकत नाही, पण तसला कोण ठेवणार?

पाचवा प्रश्न : मनगटाला टेकू आहे का? पिस्तुलाची मूठ लाकडी असते आणि नेमबाज ती कानशीनं घासूनपुसून आपल्या पंजाच्या मापाची करून घेतात. ते चालतं. पण ती मूठ वर चढून मनगटाला आधार देत असेल, तर नाही चालत. इतकंच काय, ज्या हातात पिस्तूल त्या हातात घड्याळ नको, कडं नको. नेम एकाच हातानं धरायचा आणि मनगट मोकळं दिसलं पाहिजे. पिस्तुलावर दुर्बीण नको आणि लेसरचा लाल ठिपकाही नको. माशी, खाच आणि तुमचा डोळा, बस्स!

आता हे पाचही प्रश्न एका ओळीत वाचा. काय दिसतं? नियम हळूच एकेक करून पिस्तुलाकडून मदत काढून घेतात. शेवटी उरतं काय, तर एक हात, एक डोळा आणि एक शांत मन. स्पर्धा व्हायची ती या तिघांची!

घरी करून पाहा

पिस्तूल नको, काही नको. एक लिटर पाण्याची भरलेली बाटली घ्या. तिचं वजन साधारण एक किलो, म्हणजे जवळपास एअर पिस्तुलाएवढंच. एका हातात धरून हात खांद्याच्या रेषेत सरळ पुढे करा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या एखाद्या तारखेवर बाटलीचं टोक धरून ठेवा. घड्याळ लावा. पंधरा सेकंदांनी टोक हलायला लागेल. तीस सेकंदांनी खांदा कुरकुरेल. एक मिनिटानं तुमच्या लक्षात येईल की तुम्ही श्वास घेता तेव्हाही टोक वरखाली होतं! आता असे ६० नेम सव्वा तासात धरायचे म्हणजे काय, याची कल्पना करा.

दुसरा प्रयोग. अर्धा किलो साखरेची पिशवी सुतळीनं बांधा. सुतळीच्या फासात पहिलं बोट घालून फक्त पहिल्या पेरानं ती पिशवी उचला. एवढा जोर बोटानं द्यायचा आणि बाकीचा पंजा जराही हलू द्यायचा नाही. जमतंय? नाही ना? म्हणूनच नेमबाज महिनोन् महिने छर्रा न भरता, कोऱ्या भिंतीसमोर नुसता चाप ओढण्याचा सराव करतात.

नियम बदलला की खेळ बदलतो

सगळ्या पिस्तुलांना एकच माप नसतं, बरं का. २५ मीटरच्या स्पोर्ट पिस्तुलात हवा नाही, खरी ‘पॉइंट टू-टू’ गोळी असते. तिथे वजन १४०० ग्रॅमपर्यंत, पेटी छोटी, म्हणजे ३० बाय १५ बाय ५ सेंटिमीटरची, आणि चाप मात्र दुप्पट जड, पूर्ण एक किलोचा! आपल्या कोल्हापूरची राही सरनोबत याच प्रकारातली. हात ४५ अंशांत खाली ठेवायचा, हिरवा दिवा लागला की तीन सेकंदांत हात वर करून नेम धरून गोळी मारायची, पुन्हा हात खाली. २०१८ सालच्या आशियाई स्पर्धेत राही आणि थायलंडची नेमबाज यांचे गुण सारखे झाले. जादा फेरी घेतली, तरी पुन्हा सारखे! दुसऱ्या जादा फेरीत राहीनं बाजी मारली. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्णपदक जिंकणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. आता सांगा, इतक्या अटीतटीच्या सामन्यात एकीचा चाप शंभर ग्रॅमनं हलका असता, तर त्या पदकाला अर्थ राहिला असता का?

याच्या अगदी उलट प्रकार म्हणजे ५० मीटरचं ‘फ्री पिस्तूल’. फ्री म्हणजे फुकट नव्हे, मोकळं! तिथे वजनाला मर्यादा नाही, चापाला मर्यादा नाही. काही नेमबाजांचे चाप तर अवघ्या काही ग्रॅमचे असत. लाकडी मूठ पंज्याला हातमोज्यासारखी वेढून टाकी. मनगट मात्र मोकळं हवं, ही अट होतीच. २०१६ सालच्या रिओ ऑलिंपिकनंतर हा प्रकार ऑलिंपिकमधून गेला.

आणि नियम बदलल्यावर काय होतं, तेही पाहा. रॅपिड फायर पिस्तुलात पाच लक्ष्यांवर पाच गोळ्या मारायच्या असतात. आधी आठ सेकंदांत, मग सहा, मग फक्त चार सेकंदांत! २००४ पर्यंत या प्रकारात ‘टू-टू शॉर्ट’ नावाची लहान, कमी धक्क्याची गोळी चालत असे आणि तिच्यासाठी खास पिस्तुलं बनत. जर्मनीच्या राल्फ शुमाननं तर ६०० पैकी ५९७ गुणांचा विक्रम केला होता. २००५ पासून नियम बदलला. नेहमीची टू-टू गोळी, एक किलोचा चाप आणि तीच छोटी पेटी. कपाटातली खास पिस्तुलं एका रात्रीत स्पर्धेसाठी निकामी झाली! सगळ्यांना नव्यानं सुरुवात करावी लागली. याच नव्या नियमांखाली २०१२ साली लंडनला आपल्या सैन्यातल्या विजय कुमारनं रौप्यपदक मिळवलं.

एक पेटी की अनेक कप्पे?

इथपर्यंत आपण पाहिलं ते ऑलिंपिकचं उत्तर. एक प्रकार, एक माप, सर्वांना सारखं. पण जगात नेमबाजीचा आणखी एक खेळ आहे आणि त्यानं याच प्रश्नाचं वेगळं उत्तर शोधलं. त्याला म्हणतात प्रॅक्टिकल शूटिंग. त्याची आंतरराष्ट्रीय संघटना १९७६ साली अमेरिकेत स्थापन झाली आणि २०२२ साली त्याची जागतिक स्पर्धा थायलंडमध्ये पट्टायाला झाली.

यात नेमबाज एका जागी उभा राहत नाही. तो पळतो, वाकतो, आडोशाच्या कडेनं नेम धरतो आणि घड्याळ चालू असतं. मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागायचं. समजा एकानं १२ सेकंदांत ६० गुण मिळवले, भागाकार ५. दुसऱ्यानं ९ सेकंदांत ५४ गुण मिळवले, भागाकार ६. कमी गुण मिळवूनही दुसरा पुढे! नेम आणि वेग यांची सांगड घालायची, हीच यातली कसोटी.

आता इथे पिस्तुलं किती तऱ्हांची! कोणाकडे दुकानातून आणलेलं साधं, तर कोणाकडे काचेची नेमयंत्रणा आणि धक्का कमी करणारा जोड लावलेलं. मग काय केलं? त्यांनी एक पेटी न करता कपाटाला कप्पे करावेत तसे गटच पाडले. त्यांना म्हणतात डिव्हिजन.

‘प्रॉडक्शन’ गटात फक्त मान्य यादीतलीच कारखान्यात तयार झालेली पिस्तुलं. त्यात मनमानी बदल करायचे नाहीत आणि सुरुवातीला १५ पेक्षा जास्त गोळ्या भरायच्या नाहीत. ‘स्टँडर्ड’ गटात बदल चालतात, पण पिस्तूल २२५ बाय १५० बाय ४५ मिलिमीटरच्या पेटीत बसलं पाहिजे. ‘क्लासिक’ गट जुन्या धाटणीच्या पिस्तुलांचा. ‘रिव्हॉल्व्हर’ गट नावाप्रमाणेच. आणि ‘ओपन’ गट म्हणजे सगळ्या हौशा-गवशांचा! तिथे काचेची नेमयंत्रणा चालते, धक्का कमी करणारे जोडही चालतात.

इथे गोळीचीसुद्धा परीक्षा होते. गोळीचं वजन ‘ग्रेन’मध्ये मोजतात. एक ग्रेन म्हणजे साधारण ६५ मिलिग्रॅम, आपल्या गिरगावच्या सोनाराच्या गुंजेच्या जवळपास निम्मं. वजनाला वेगानं गुणायचं आणि हजारानं भागायचं. उदाहरणार्थ, १२४ ग्रेनची गोळी सेकंदाला १०५० फूट वेगानं गेली, तर उत्तर १३०.२. हे उत्तर निदान १२५ तरी आलंच पाहिजे. नाहीतर एखादा चलाख गडी अगदी हलकी काडतुसं भरून आणील, त्याच्या पिस्तुलाला धक्काच बसणार नाही आणि तो सगळ्यांच्या पुढे पळेल! स्पर्धा चालू असताना खेळाडूकडून गोळ्या मागून घेतात आणि यंत्रावर त्यांचा वेग मोजतात.

आणि पिस्तूल आपल्या गटाच्या नियमात बसलं नाही, तर? ऑलिंपिकच्या पद्धतीत सरळ बाद. इथे खेळाडूला उचलून ओपन गटात टाकतात. म्हणजे साधं पिस्तूल हातात घेऊन थेट सर्वांत सजलेल्या पिस्तुलांशी झुंज! शिक्षा वेगळी, पण धडा तोच : आधी तपास, मग मैदानात ये.

नियम आणि नशीब

आता थोडं गंभीर होऊ या. पिस्तूल सकाळी टेबलावर पास झालं, म्हणजे सुटलो का? नाही. फेरी संपल्यावर चिठ्ठ्या टाकून काही जणांना पुन्हा बोलावतात. पुन्हा तेच अर्धा किलो वजन. आणि तेव्हा चाप सुटला, तर साठ नेमांची सगळी मेहनत पाण्यात! ‘सकाळी बरोबर होतं हो’ असं म्हणून चालत नाही. पिस्तूल नियमात ठेवण्याची जबाबदारी खेळाडूचीच, असं नियमच सांगतो. प्रवासात पिस्तूल हादरतं, एखादा स्क्रू केसभर ढिला होतो. म्हणून शहाणे नेमबाज चाप बरोबर ५०० ग्रॅमवर ठेवत नाहीत, थोडा वर ठेवतात. दहा-वीस ग्रॅमच्या फायद्यासाठी वर्षाची मेहनत कोण पणाला लावील?

पण कधी कधी सगळं नियमात असूनही पिस्तूलच दगा देतं. २०२१ साली टोकियो ऑलिंपिकमध्ये हरियाणाची १९ वर्षांची मनू भाकर एअर पिस्तुलाच्या प्राथमिक फेरीत होती. मध्येच तिच्या पिस्तुलात बिघाड झाला. दुरुस्तीत बराच वेळ गेला, घड्याळ मात्र थांबलं नाही. परत आल्यावर तिला उरलेले नेम घाईघाईनं मारावे लागले. ६०० पैकी ५७५ गुण झाले आणि अंतिम फेरी अगदी थोडक्यात हुकली. तिच्यावर टीकाही झाली. पण तीच मनू २०२४ साली पॅरिसला पुन्हा उभी राहिली आणि त्याच प्रकारात तिनं कांस्यपदक जिंकलं. ऑलिंपिक नेमबाजीत पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. आणि तिचा प्रशिक्षक कोण होता, माहीत आहे? जसपाल राणा! तोच, अशोक पंडित यांच्याबरोबर व्हिक्टोरियाला जोडीनं सुवर्णपदक जिंकणारा.

वजनकाट्यावर न मोजता येणारं

एक गोष्ट मात्र खरी आहे. हे नियम सगळंच समान करू शकत नाहीत. परदेशी एअर पिस्तुलाची किंमत लाखाच्या पुढे जाते. छर्रे विकत घ्यावे लागतात, सरावाला रोज जावं लागतं, चांगले सर मिळावे लागतात. ज्याच्या घरी पैसा, त्याचा सराव जास्त, हे कुठल्याही पेटीला मोजता येत नाही. म्हणून तर क्लबची पिस्तुलं, शाळा-कॉलेजांतली एन.सी.सी. आणि मोफत वेळ देणारे प्रशिक्षक यांचं मोल फार. ते दार उघडलं नसतं, तर कीर्ती कॉलेजातली ती मुलगी सिडनीपर्यंत गेलीच नसती.

पण एकदा का तुम्ही रेंजवर पोहोचलात, की ते टेबल तुमच्या बाजूनं उभं असतं. चाळीतून आलेल्या मुलीच्या हातातलं क्लबचं पिस्तूल आणि बंगल्यातून आलेल्या मुलाचं नवंकोरं पिस्तूल, दोन्हींना तेच अर्धा किलो वजन उचलावं लागतं, त्याच पेटीत बसावं लागतं. तिथे वशिला चालत नाही. वजनाला ना आडनाव कळतं, ना पत्ता!

आणि जाता जाता एक महत्त्वाची सूचना. पिस्तूल हे खेळणं नव्हे. एअर पिस्तूलसुद्धा नव्हे, त्याचा छर्रा डोळा फोडू शकतो. टू-टू आणि त्यापुढच्या शस्त्रांना तर सरकारी परवाना लागतो. रेंजवर नियम एकच : नळी सदैव लक्ष्याकडे, चापाजवळ बोट फक्त नेम धरल्यावर, आणि खाली ठेवलेल्या पिस्तुलाच्या नळीत रंगीत दोरी, म्हणजे ते रिकामं आहे हे लांबूनही दिसावं. शिकायचं असेल तर आईबाबांना सांगून रेंजवर जा, सरांच्या देखरेखीखालीच शिका.

तोवर पाण्याची बाटली आहेच. आज ती तीस सेकंद स्थिर राहिली असेल, तर वहीत लिहून ठेवा. महिनाभर रोज करा आणि मग पुन्हा आकडा लिहा. पुढच्या वेळी टीव्हीवर नेमबाजीची स्पर्धा लागली, की खेळाडूचं मनगट बघा. त्यावर घड्याळ नसेल. ते का नाही, हे शेजारी बसलेल्या ताई-दादाला आता तुम्हीच सांगा!